नाईट करून आलेत

आमच्या ब्लॉकमध्ये आठ क्वार्टर होते आणि आठही घरं मनोरमा भुसारीला घाबरून असायची. मीसुद्धा. मी म्हणजे नलिनी, कारखान्याच्या हॉस्पिटलातली स्टाफ नर्स, कॅज्युअल्टीत भल्याभल्यांना दमात घेणारी बाई. पण दुपारी ड्यूटी संपवून जिना चढताना पहिल्या मजल्यावर मनोरमा दारात दिसली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं, की माझी पावलं आपोआप हलकी पडायची. ‘नाईट करून आलेत,’ एवढंच ती म्हणायची, तेही कुजबुजत.

भोपाळच्या त्या टाउनशिपमध्ये घड्याळापेक्षा भोंग्याला मान होता. फर्स्ट, सेकंड, नाईट. मनोरमा पंच्याहत्तर साली अचलपूरहून लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा दिगंबर भुसारी मशीन शॉपमध्ये टर्नर. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांची नाईट लागली. बिचारी रात्रभर दिवा लावून बसली आणि सकाळी ते आल्यावर दिवसभर भांडी घासत बसली. ते वैतागले आणि ती रडली, एवढंच झालं. नव्या नवरीला काय कळणार होतं?

खरं शिकवलं गोपीनाथरावांच्या बोटांनी. ते भुसारींच्याच शॉपमध्ये. एकदा घरी पाहुणे होते, दिवसा झोप झाली नाही, तसेच नाईटला गेले आणि पहाटे मशीनवर डुलकी लागली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मनोरमा त्यांच्या बायकोला भेटायला गेली होती. दुसऱ्या दिवशी तिनं बेडरूमच्या काचांना काळा कागद डकवला, बेलची वायर उपटून काढली आणि दूधवाल्याला सांगितलं, नाईटच्या आठवड्यात दारात भांडं ठेवीन, आवाज करायचा नाही.

तेव्हापासून तिचं हे राज्य सुरू झालं. सकाळी नऊ ते दुपारी चार घरात कुकर लागायचा नाही. मिक्सर नाही, रेडिओ नाही. तिची लेक कल्पना पाढे पाठ करायची तेही ओठ हलवून. त्यांच्या डोक्यावर बरोबर माझं घर. माझ्याकडे खुर्ची सरकली की पाचव्या मिनिटाला मनोरमा दारात. ‘सिस्टर, जरा जपून हं.’ मी एकदा चिडून म्हटलं होतं, ‘अगं, माणूस झोपलाय की कुंभकर्ण? एवढ्यानं काय होतंय त्याला?’ ती शांतपणे म्हणाली, ‘त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत ना सिस्टर, ती अशीच राहिली.’ मी खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या.

लोक हसायचे तिला. ‘भाभीजीचा कर्फ्यू’ म्हणायचे. पण ब्लॉकमधल्या बाकीच्या बायाही हळूहळू तेच करायला लागल्या, कारण नाईट सगळ्यांच्याच घरी होती. वीस वर्षांत आमच्या जिन्यात दिवसा मोठ्यानं बोलायची रीतच उरली नाही. नव्यानं राहायला आलेल्यांची पोरंसुद्धा महिन्याभरात पंजांवर चालायला शिकायची.

आता ते सांगते.

शहाण्णवचा जानेवारी. धुकं असं की समोरचं माणूस दिसेना. भुसारीभाऊजी नाईट संपवून स्कूटरवर घरी निघाले होते. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. गेटवरच्या शिपायाला दाखवण्यापुरतं ते डोक्यावर असायचं, गेट ओलांडलं की हँडलला. पाण्याच्या टाकीजवळ आडवं डुक्कर आलं आणि ते डोक्यावर पडले. मागून येणाऱ्या दोघांनी त्यांना उचलून आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. माझी मॉर्निंग ड्यूटी नुकतीच लागली होती.

‘दो-तीन मिनट होश नहीं था, सिस्टर,’ ते दोघं म्हणाले. पण माझ्यासमोर बसले तेव्हा भाऊजी चांगले गप्पा मारत होते. उजव्या कानाच्या वर फाटलं होतं. ‘टाके नीट घाला हं सिस्टर,’ म्हणाले, ‘कल्पनासाठी स्थळं बघायचीत, सासरा टकला चालतो, फाटका चालत नाही.’ मी हसले. हात-पाय हलवून बघितले, बाहुल्या बघितल्या, नाव-गाव-वार विचारला. सगळं ठीक. शुद्धी मोजायच्या आमच्या हिशेबात पंधरापैकी पंधरा.

ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, पण हुशार. म्हणाले, ‘भरती कर लेते हैं, चौबीस घंटे देखेंगे.’ नियम तोच आहे. डोक्याला मार लागून माणूस क्षणभर जरी बेशुद्ध झाला असेल, तरी पहिला दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. कवटीच्या आत बारीक रक्त झिरपत असेल तर सुरुवातीला काहीच कळत नाही. माणूस बोलतो, खातो, हसतो. मग हळूहळू बुडत जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की झोप लागली.

भाऊजी ऐकेनात. ‘वॉर्डात झोप येते का कोणाला? माझी आज परत नाईट आहे.’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ‘सिस्टर, आपके ही ब्लॉक में हैं न? फिर आप देख लीजिएगा.’

मी ‘जी सर’ म्हणाले.

तोवर मनोरमा शाल गुंडाळून धावत आली होती. तिच्या हातात मी छापील पर्चा दिला, डोक्याला मार लागलेल्यांना घरी सोडताना देतो तो, आणि मराठीत समजावून सांगितलं. ‘दर तासाला उठवायचं. नाव विचारायचं, आपण कुठे आहोत विचारायचं. धड उत्तर आलं नाही, उलटी झाली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर तसंच उचलून आणायचं. कळलं?’

‘दर तासाला? मग यांची झोप कशी होणार?’

‘एक दिवस नाही झाली तरी चालेल गं बाई.’

तिनं मान हलवली. पण तिचा चेहरा मला आजही दिसतो. तिला मी जणू दुधात मीठ घालायला सांगितलं होतं.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं, एकेक तास करून. नऊला दोन घास पोहे खाऊन ते झोपले. दहाला तिनं उठवलं. ‘काय नाव तुमचं?’ म्हटल्यावर ते हसले, ‘लग्नाला वीस वर्षं झाली, आता विचारतेस?’ अकराला उठवलं तर खेकसले, ‘झोपू दे ना.’ बाराला तिनं दार लोटून बघितलं. ते छान घोरत होते. कूस बदलली नव्हती. तिला हायसं वाटलं. गाढ झोप लागली म्हणजे आराम पडला. हे तिला वीस वर्षांत कोणी शिकवायची गरज पडली नव्हती. एक वाजताही तेच.

आता माझं. दोन वाजता माझी ड्यूटी संपली. सव्वादोनला मी जिना चढत होते. पायांत रबरी चपला, चालताना फटाफट वाजणाऱ्या. भुसारींचं बाहेरचं दार उघडंच होतं. आत मनोरमा बेडरूमच्या दाराशी उभी होती, कडीवर हात ठेवून. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. ‘आत्ता कुठे छान घोरतायत,’ कुजबुजली.

आणि मला ते घोरणं ऐकू आलं. खोल, ओलं, घशातून येणारं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते. जीभ मागे पडलेल्या माणसाचं घोरणं. हजार वेळा ऐकलंय मी ते. वॉर्डात ऐकलं असतं तर ट्रॉली ढकलत धावले असते.

मी काय केलं? मी चपला काढून हातात घेतल्या आणि पंजांवर चालत वर गेले. वरण-भात खाल्ला. पलंगावर पडले आणि झोपले.

बस. हे असं आहे. वीस वर्षं त्या जिन्यात मी कान बंद करून चालत आले होते, त्या दिवशीही चालले. दुसरं काही कारण मला सापडत नाही, आणि मी खूप शोधलंय.

चार वाजता मनोरमा चहा घेऊन गेली. नाईटच्या माणसाला चारला चहा, हा तिचा नेम. मग तिची किंकाळी आली. त्या जिन्यात इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी अनवाणी खाली धावले. उजवी बाहुली बटणाएवढी मोठी, उजेड टाकला तरी हलेना. खांद्याला जोरात चिमटा काढला तर दोन्ही हात ताठ होऊन आत वळले, घशातून आवाज आला, डोळे उघडले नाहीत. सकाळी पंधरा होते. आता पाच.

हा आकडा आठ किंवा त्याखाली गेला की श्वासनलिकेत नळी घालायची, वाट बघत बसायचं नाही. आमच्या डॉक्टरांनी घातली. मेंदूची सूज उतरवणारी सलाईन चढवली. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलापर्यंत मी ॲम्ब्युलन्समध्ये गुडघ्यांवर बसून श्वास देणारा फुगा दाबत होते. मनोरमा त्यांचे पाय धरून बसली होती. ‘नाव सांगा ना,’ म्हणत होती, ‘तुमचं नाव सांगा ना हो.’ मी तिला गप्प बस म्हणून ओरडले. देवा, मी तिला गप्प बस म्हणाले.

स्कॅन झाला, त्याच रात्री कवटी उघडली. मुठीएवढी गुठळी निघाली. त्या आयसीयूच्या सिस्टर्सना मी नावं ठेवणार नाही. जे करायचं ते सगळं त्यांनी केलं. पलंगाची डोक्याकडची बाजू तीस अंश वर. मान सरळ, कारण ती वळली की मेंदूतलं रक्त नीट परतत नाही. रक्तदाब खाली येऊ द्यायचा नाही, प्राणवायू कमी होऊ द्यायचा नाही, एकदासुद्धा नाही. झटके येऊ नयेत म्हणून औषध. दर तासाला बाहुल्या, दर दोन तासांनी कूस. स्टिरॉइडचीही इंजेक्शनं दिली त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की अशा दुखापतीत स्टिरॉइडनं नुकसानच होतं. मनोरमा काचेबाहेर उभी राहून तक्त्यावरचा आकडा विचारायची. पाच. पाच. सहा. पाच. तिला आशा त्या आकड्याची. एक जरी वाढला तरी तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही.

नवव्या दिवशी मोठे डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, जीव वाचेल, माणूस परत येईल असं सांगता येत नाही. आणि जाता जाता, वाईट हेतूनं नाही, असंच म्हणाले, ‘दो घंटे पहले ले आते तो बात और थी.’

मनोरमा तिथल्या बाकावर बसली. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती. मग मला म्हणाली, ‘सिस्टर, चारच्या आधी दोन तास म्हणजे दोनच ना?’

मी म्हटलं, ‘डॉक्टर असंच बोलतात गं. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस.’

‘नाही, पण दोनच ना?’

मी चहा आणायला म्हणून उठले आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले.

दोन महिन्यांनी भाऊजी घरी आले. गळ्याला भोक पाडून नळी, नाकातून पोटात नळी. डोळे उघडे असायचे आणि कोणाकडेच नसायचे. मी मनोरमाला सगळं शिकवलं. नळी कशी साफ करायची, भरवताना डोकं किती वर धरायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची. माझ्याइतकं नीट करायला लागली ती. अडीच वर्षांत त्या माणसाच्या अंगावर एक जखम झाली नाही. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा मला असं.

पण घर उलटंपालटं झालं. येताच तिनं काळा कागद टराटरा फाडला. बेलची वायर जोडून घेतली. रेडिओ त्यांच्या उशाशी, दिवसभर मोठ्यानं. कुकर दुपारीच लावायची आणि शिट्टी झाली की त्यांच्या तोंडाकडे बघायची. खाली खेळणाऱ्या पोरांना बोलवून सांगायची, ‘इथं खेळा, खिडकीखाली. ओरडा चांगलं.’ पोरं बावचळायची. माझ्या दारात येऊन म्हणाली, ‘सिस्टर, त्या खुर्च्यांच्या चिंध्या सोडा ना. ओढा खुर्च्या. जोरात ओढा.’ मी रोज दुपारी एकटीच घरात खुर्च्या ओढत बसायची, वेड्यासारखी.

आणि तो पर्चा. तिनं तो पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला होता. दर तासाला, घड्याळात ठोका पडला की हातातलं काम टाकून ती पलंगाशी जायची. त्यांचा खांदा हलवायची. ‘उठा. तुमचं नाव काय? आपण कुठे आहोत? आज वार कोणता?’ थांबायची, उत्तर येईल इतका वेळ. मग परत भाजीकडे. कल्पना पहिल्यांदा रडली, मग चिडली. ‘आई, बंद कर गं हे.’ मनोरमा म्हणायची, ‘पर्च्यात लिहिलंय.’ ते फक्त पहिल्या दिवसापुरतं असतं, हे तिला मी सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही. ती विचारायची आणि वरच्या मजल्यावर मी ऐकायची. अडीच वर्षं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये छातीत कफ भरला. तीन दिवसांत संपलं. लोक आले ते सवयीनं पंजांवर चालत, कुजबुजत. कोणी तिच्याजवळ येऊन ‘सुटले हो’ म्हणालं. मनोरमा भिंतीवरच्या पर्च्याकडे बघत बसली होती. दहाचा ठोका पडला तेव्हा तिचा हात उचलला गेला, मी बघितलं, आणि मग तिनं तो पदरात लपवला.

क्वार्टर सोडावा लागला. कल्पनाला एम.पी. नगरमधल्या एका कोचिंगमध्ये शिकवायचं काम मिळालं होतं, तिनं इंद्रपुरीत दोन खोल्या बघितल्या. सामान टेम्पोत चढलं. मी खाली उतरले. मनाशी ठरवलं होतं, आज बोलायचंच. आज नाही तर मग कधीच नाही. जिन्याच्या तळाशी ती कुलूप घेऊन उभी होती.

‘मनोरमा,’ मी म्हटलं, ‘एक सांगायचंय. त्या दिवशी दुपारी मी जिन्यावरून गेले ना...’

‘चपला हातात घेतल्या होत्या तुम्ही,’ ती म्हणाली.

मी तिच्या हातातल्या कुलपाकडे बघितलं.

‘मी त्यांना उठवायलाच निघाले होते, सिस्टर. दोन तास चुकवले होते, मन खात होतं. कडी काढली होती. तेवढ्यात तुम्ही आलात. बोट ठेवलं मी तोंडावर, सवयच होती. मला वाटलं तुम्ही आता मला झापणार. म्हणणार, अगं उठव त्याला. मी वाट बघितली हो तुमच्या बोलण्याची.’ तिनं कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. ‘तुम्ही चपला काढल्यात. म्हटलं, सिस्टर स्वतः आवाज करत नाहीयेत, म्हणजे झोपू द्यायला हरकत नसेल. कडी परत लावली.’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तिच्या पायाशी बसले असते. अडीच वर्षं हे माहीत असून ती माझ्याकडून नळी साफ करायला शिकली होती, माझ्या घरी हळदीकुंकवाला आली होती.

कुलूप माझ्या हातात देऊन ती टेम्पोत कल्पनाशेजारी बसली. जाताना ‘येते’ म्हणाली नाही.

इंद्रपुरी इथून चालत वीस मिनिटं आहे. मी निवृत्त झाले, क्वार्टर भाड्यानं ठेवून घेतला, वर्षं गेली, अजून माझे पाय तिकडे वळले नाहीत. दुपारी मी झोपत नाही. सव्वादोन वाजले की उठून दाराशी जाते, चपला घालते, आणि जिना फटाफट वाजवत खाली उतरते.